वाचून कोणी दाखवलं?

चाचांचा कॉम्प्युटर माणसांना प्रश्न विचारायचा आणि उत्तर मिळेपर्यंत कागद पुढे सरकू द्यायचा नाही. कचेरीसमोर अर्ज टाइप करून देणारी चार दुकानं होती. इतर तिघांकडे पाच मिनिटांत कागद हातात पडायचा, चाचांकडे अर्धा तास जायचा. गावानं त्यांचं नाव सवालचाचा ठेवलं होतं. त्या सवालांची मला आधी चीड यायची, मग सवय झाली. आता भीती वाटते, आणि ती का वाटते ते एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहिते आहे.

चाचा रोज सकाळी आगरदांड्याहून फेरीबोटीनं दिघीला उतरायचे आणि तिथून एसटीनं आमच्या तालुक्याच्या गावी यायचे. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, डब्यात तांदळाची भाकरी आणि सुका जवळा. आखातात बावीस वर्षं काढून आलेल्या माणसाच्या अंगावर काहीतरी चमकायला हवं अशी लोकांची अपेक्षा असते. यांच्या अंगावर घड्याळसुद्धा नव्हतं. मी त्यांच्याकडे कामाला लागले तेव्हा माझी मुलगी नुकतीच शाळेत जायला लागली होती आणि नवरा रोह्याच्या कारखान्यात पाळ्या करत होता. मराठी टायपिंगची परीक्षा पास झाल्याचा मला भलताच अभिमान होता. पहिल्या दिवशी मी कीबोर्ड असा बडवला की समोरचा चहावाला बघायला आला. चाचा म्हणाले, "बेटी, बोटं जल्दी चालतायत, अच्छी बात हाय. आता जरा कान चालव."

त्यांची खरी कमाई म्हणजे त्यांचे 'तुकडे'. मजकूर लिहायच्या एका साध्या प्रोग्राममध्ये त्यांनी शंभरेक अर्ज साठवले होते. 'उत्पन्न' एवढा शब्द टाइप करून टॅबची कळ दाबली की उत्पन्नाच्या दाखल्याचा अख्खा अर्ज पडद्यावर उलगडायचा. 'वारस' लिहिलं की वारसनोंद, 'जन्म' लिहिलं की जन्माची नोंद. पूर्वी या तुकड्यांत मोकळ्या जागी नुसती टिंबं असायची आणि ती आपण आठवणीनं भरायची. पण घाईत टिंबांच्या जागी आधीच्या माणसाचं नाव तसंच राहून जायचं. एकदा कोळीवाड्यातल्या एका धडधाकट माणसाच्या मृत्यूच्या नोंदीचा अर्ज चाचांच्या दुकानातून कचेरीत गेला. मेला होता त्याचा शेजारी. तो माणूस हसत हसत दुकानात आला, "चाचा, मी हाय ना अजून?" म्हणाला, चहा पिऊन गेला. तीन महिन्यांनी तो खरंच गेला, समुद्रावरच. लोक काय ते बोललेच. चाचांनी मात्र महिनाभर दुपारी दार ओढून घेऊन, शब्दकोश मांडीवर ठेवून त्या प्रोग्रामची इंग्रजी माहिती वाचून काढली.

त्यातून त्यांनी शोधून काढलं की टिंबांच्या जागी महिरपी कंसात सवाल लिहून ठेवता येतो. मग तुकडा उलगडताना मध्येच एक छोटं खोकं उघडतं आणि विचारतं: पूर्ण नाव? उत्तर टाइप करून एंटर दाबलं की पुढचं खोकं: वय? गाव? मयताशी नातं? एकही खोकं चुकवता येत नाही. सगळी उत्तरं आपापल्या जागी जाऊन बसतात, आणि एकच नाव चार ठिकाणी लागत असेल तर चारही ठिकाणी तेच पडतं. मला हे एवढं आवडलं की मी पहिले आठ दिवस चुलीपुढेसुद्धा मनातल्या मनात खोकी उघडत होते. मीठ किती? माणसं किती?

त्या खोक्यांत आणखी एक सोय होती. कंसात सवालापुढे उभी रेघ मारून एखादं उत्तर आधीच लिहून ठेवलं, तर ते खोक्यात तयार येतं. आपण फक्त एंटर दाबायचं. गावाच्या खोक्यात तालुक्याचं नाव, राज्याच्या खोक्यात महाराष्ट्र, एवढं तरी घालू या म्हणून मी चाचांच्या मागे लागले. राज्यावर ते राजी झाले, बाकी कशावर नाही. म्हणायचे, "सवाल मशीनचा, जवाब माणसाचा. जवाब आधीच लिवून ठेवलास तर समोर बसलेला माणूस कशाला पायजे? त्याला घरी जाऊ दे." मी तोंड फिरवून हसायचे. म्हातारा हट्टाला पेटला की पेटला.

सगळ्यांत लांबण लागायची ती शेवटच्या सवालाला. प्रतिज्ञापत्र असो, संमती असो, हक्कसोड असो, खाली एक ओळ असतेच: 'वरील मजकूर मला वाचून दाखवला, तो मला समजला व मान्य आहे.' सगळीकडे ती छापून तयार असते, कोणी तिच्याकडे बघतही नाही. चाचांनी त्या ओळीत एक खोकं बसवलं होतं: वाचून कोणी दाखवलं? तिथे नाव टाकल्याशिवाय कागद पुरा व्हायचा नाही. आणि नाव टाकायच्या आधी चाचा उभे राहून, चष्मा पुसून, पूर्ण कागद त्या माणसाच्या बोलीत मोठ्यानं वाचायचे. मग म्हणायचे, "आता काय समजला ता सांगा." त्यानं आपल्या तोंडानं सांगितलं की मगच ते खोक्यात स्वतःचं नाव टाइप करायचे. बाहेर रांगेतली माणसं पाय बदलून बदलून थकायची.

एकदा दोघे भाऊ बहिणीला घेऊन आले. हक्कसोडपत्र करायचं होतं. बाई पन्नाशीची, पदर तोंडाशी धरलेला. चाचांनी वाचून दाखवलं आणि विचारलं. ती म्हणाली, "रेशनकार्डात नाव घालायचा हाय ना?" चाचांनी पुन्हा वाचलं, सावकाश. या वेळी बाईनं अंगठ्याला लावलेली शाई पदरानं पुसायला सुरुवात केली आणि बराच वेळ पुसत राहिली. थोरला भाऊ जाताना शांतपणे म्हणाला, "चाचा, तुमी रोज फेरीबोटीनं येता ना? सांभाळून उतरत जा." मी त्या दिवशी घाबरले. चाचांनी डबा उघडला आणि मला जवळ्यातला अर्धा वाटा दिला.

हा हट्ट कुठून आला, हे त्यांनी मला एकदाच सांगितलं. आखातात ते टायपिंगच्या दुकानात होते. तिथे सरकारी कागद अरबीत टाइप करून देणारी दुकानं असतात, आणि अंगठा उठवणारे सगळे आपल्याकडचे. एक माणूस ड्रायव्हरचं काम म्हणून आला होता. कागदात होतं वाळवंटात शेळ्या राखणं. "तयार नमुना होता. मी नाव घातला, त्याचा अंगठा घेतला, पुढला गिऱ्हाईक घेतला. चार वर्षांनी तो परत आला. वळखू येईना, इतका काळा, इतका बारीक. भांडला नाय. एवढाच बोलला, 'तू तरी वाचला होतास ना?'" चाचांनी दोन्ही पेनं खिशात नीट केली. "मी वाचलेला, बेटी. त्याला वाचून नाय दाखवलेला."

मग डोंगरावर दगड दिसायला लागले. माझं माहेर खाडीच्या वरच्या अंगाला आहे. खाली खाजणाची, म्हणजे खारं पाणी बांधानं अडवून केलेली शेती, वर गवताची वरकस जमीन, त्यापलीकडे डोंगर. माहेरी गेले की दर खेपेला लाल रंग मारलेले दगड थोडे खाली आलेले असायचे. कोण लावतं, कधी लावतं, कुणी पाहिलेलं नसायचं. गुरं त्यांच्या पलीकडे जाईनात, असं दामूकाका म्हणायचा. दामूकाका माझ्या वडिलांचा चुलतभाऊ, त्याचा कशावरही विश्वास बसायचा, म्हणून मी हसले. एकदा आमच्या अंगणावर काहीतरी घोंघावत आलं, घटकाभर वर थांबलं आणि निघून गेलं. आई म्हणाली, फोटो काढतात. कशाचे, ते तिला माहीत नव्हतं.

त्यानंतर थोड्याच दिवसांत एक गृहस्थ दुकानात आले. कंपनीचे, एवढंच म्हणाले. सोनेरी काड्यांचा चष्मा, आवाज असा मऊ की रागवायला जागा नाही. त्यांच्याकडे संमतीपत्राचा मजकूर होता. "चाचा, फॉरमॅट एकच आहे, फक्त नावं वेगळी. तुमचं ते प्रश्नांचं सॉफ्टवेअर मी ऐकलंय, एकदम बेस्ट. तीन-चार गावं आहेत, पटापट होऊन जाईल." चाचांनी मजकूर तुकड्यात बसवला, नाव-गाव-गट नंबरची खोकी केली आणि शेवटी आपलं ते खोकं घातलं. गृहस्थ म्हणाले, "हे राहू दे ना. गावात मीटिंग झालीय, सगळ्यांना सगळं माहीत आहे."

"मीटिंगमध्ये वाचून कोणी दाखवला?"

"आम्हीच. म्हणजे, समजावून सांगितलं."

"मग इथं तुमचा नाव घालतो," चाचा म्हणाले आणि खरंच टाइप करायला लागले. "पूर्ण नाव सांगा."

गृहस्थांनी चष्मा काढून पुसला. नाव काही सांगितलं नाही. मिठाईचा पुडा टेबलावर ठेवून उठले आणि दारात वळून म्हणाले, "तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय चाचा. दाखवून घ्या. या वयात डोळे सांभाळावेत." त्यात धमकी नव्हती, चाचांचे डोळे खरंच पाणावलेले असायचे. पण मला ते वाक्य आवडलं नाही. पुडा चाचांनी शेजारच्या शाळेत पाठवून दिला.

डोळे दाखवले तर मोतीबिंदू पिकलेला निघाला. चाचा ऑपरेशनला मुंबईत मुलीकडे गेले. जाताना दुकानाची चावी माझ्या हातात ठेवून म्हणाले, "सगळा तूच बघ. फक्त त्या एका खोक्यात तयार जवाब घालू नको." एका डोळ्याचं बरं झालं, दुसऱ्यात पू झाला. आठ दिवसांचे पाच आठवडे झाले.

चौथ्या आठवड्यात ते गृहस्थ परत आले आणि त्यांच्यामागून टेम्पो भरून माणसं. पहिला टेम्पो माझ्याच माहेरचा. ऊन मी म्हणत होतं, बायका भिंतीच्या सावलीला चिकटून बसल्या होत्या, कुणाचं मूल रडत होतं. गृहस्थांनी सगळ्यांसाठी थंड पाणी आणलं होतं. मी दोन कागद चाचांसारखे वाचून दाखवले, म्हणजे वाचायला घेतले. दोन-तीन ओळी होतायत तोच लोक ओरडायला लागले, "मोजणीची परवानगी हाय ती, म्हायती हाय आमाला. आटप की!" मला बरंच वाटलं. तिसऱ्या कागदाआधी मी तुकडा उघडला, शेवटच्या कंसात उभी रेघ मारली आणि पुढे चाचांचं पूर्ण नाव लिहून ठेवलं. त्या खोक्यात कायम त्यांचंच नाव पडायचं, दुसरं काय घालणार होते मी? माझं नाव घालायचं तर मी वाचून दाखवायला हवं होतं, एवढं मला कळत होतं. त्यानंतर नाव, गाव, गट नंबर, एंटर.

दामूकाका समोर बसला तेव्हा त्यानं विचारलं, "पोरी, चाचांनी बघितलाय ना ह्यो कागद?"

"चाचांनीच बनवलाय," मी म्हणाले. तुकडा त्यांनीच बनवला होता, त्यामुळे आपण खोटं बोललो असं मला वाटलं नाही. दामूकाकानं अंगठा उठवला. दुपारपर्यंत सगळं गाव उरकलं. गृहस्थ माझं कौतुक करून गेले. मी तो मजकूर शेवटपर्यंत स्वतः एकदाही वाचला नव्हता.

चाचा परतले ते एका डोळ्यावर हिरवी झापड लावून. दुसऱ्या डोळ्याला अजून चष्मा लागायचा होता, त्यानं माणसं दिसायची, अक्षरं नाही. खुर्चीत बसून म्हणाले, "मी नव्हतो तवा जे जे निघाला, सगळा वाचून दाखव." तीन दिवस मी वाचत होते. संमतीपत्र तिसऱ्या दिवशी आलं. मोजणीची परवानगी तिसऱ्या ओळीतच संपत होती. खाली वरकस होती, खाजण होतं, कायमचा ताबा होता, आणि पुढे कधीही हरकत घेणार नाही हे होतं. माझाच आवाज मला परका वाटायला लागला. शेवटच्या ओळीतलं नाव मी गाळलं.

"नाव?" चाचा म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मांडीवर ठेवली, पुन्हा घातली. मी वाट बघत होते की आता ओरडतील. ओरडले असते तर फार बरं झालं असतं. "बेटी, त्या दिवशी माझे डोळे बांधलेले होते," एवढंच ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून ते माझा हात धरून माझ्या माहेरच्या गावात घरोघर फिरले. ओटीवर बसायचे, मला वाचायला लावायचे, आणि शेवटी तोच सवाल: काय समजला ता सांगा. आधी न विचारलेला सवाल नंतर विचारणं याच्याइतकं वाईट काही मी पाहिलेलं नाही. बायका रडल्या नाहीत. माणसं घराच्या बाहेर येऊन डोंगराकडे बघत उभी राहिली. लाल दगड तोवर आंब्याच्या बुंध्यापर्यंत आले होते. दामूकाका माझ्याकडे न बघता चाचांना म्हणाला, "तुमचा नाव बघून ठेवला अंगठा." चाचा म्हणाले, "व्हय. म्हणून तर आलो." माझी आई त्या दिवशी मला जेव म्हणाली नाही.

गावानं हरकत घ्यायचं ठरवलं. त्यासाठी चाचांचं प्रतिज्ञापत्र लागणार होतं, की त्या तारखेला ते इस्पितळात होते आणि त्यांनी कुणाला काही वाचून दाखवलं नाही. ते गृहस्थ दोनदा येऊन गेले. अगदी मऊ आवाजात चाचांना सांगून गेले की तुमच्याच दुकानातून, तुमच्याच नावानं खोटा कागद निघाला असं तुम्ही स्वतः लिहून देताय. मला बाहेर गाठून म्हणाले, "ताई, तुमची मुलगी लहान आहे. कशाला?"

प्रतिज्ञापत्राचा तुकडा चाचांनी माझ्याकडूनच लिहून घेतला. ते सांगत गेले, मी टाइप करत गेले. मधल्या एका वाक्याला थांबून म्हणाले, "इथं कंस घाल. सवाल लिव: माझं नाव तिथे कोणी टाकलं?"

माझी बोटं थांबली. दुकानात दामूकाका होता, आणखी सात-आठ जण होते. मी हळूच विचारलं, "चाचा, इथे काय घालू?"

"मला काय म्हायती? मी तिथं होतो कुठं? सवाल मशीनचा, जवाब माणसाचा. तुला वाटला तर मोकळा सोड."

त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पडद्यावरची अक्षरं त्यांना दिसत तर नव्हतीच, तरी वळवली. मी टॅब दाबली. एकेक खोकं उघडत गेलं. त्यांचं नाव, वय, इस्पितळात दाखल झाल्याची तारीख. मग ते खोकं आलं. रिकामं. कोपऱ्यात ती बारीक रेघ लुकलुकत होती. मला मुलगी आठवली, नवरा आठवला, आईचं न वाढलेलं ताट आठवलं. मी माझं पूर्ण नाव टाइप केलं, आणि एंटर दाबताना रडले.

शेवटचं खोकं उघडलं: वाचून कोणी दाखवलं? या वेळी मी उठून उभी राहिले. पूर्ण कागद मोठ्यानं, चाचांच्या बोलीत, वाचून दाखवला. माझं नाव आलं तिथेही आवाज खाली येऊ दिला नाही. मग रिवाजाप्रमाणे विचारलं, "चाचा, काय समजलं ते सांगा."

"समजला," चाचा म्हणाले. "तू खरा लिवलास. आता भ्यायला हरकत नाय."

त्या खोक्यातही मी माझंच नाव टाकलं. एकाच कागदावर दोनदा.

चाचा पुढच्या हिवाळ्यात गेले. डोळ्यातलं विष डोक्यात चढलं, असं त्यांच्या मुलीनं फोनवर सांगितलं. मातीला मी फेरीबोटीनं गेले. येताना बोटीत दामूकाका माझ्या शेजारी येऊन बसला, तोंड पाण्याकडे करून. हरकतीचं अजून काहीच झालेलं नाही. दगड आमच्या विहिरीपर्यंत आले आहेत. इतर तीन दुकानांत गर्दी वाढली आहे आणि आता मीच चालवते त्या चाचांच्या दुकानासमोर एक पांढरी गाडी दुपारभर उभी असते. आतलं माणूस खाली उतरत नाही.

परवा कचेरीतून माझ्या नावाचं समन्स आलं. शिपायानं पुढे कागद धरला आणि बोट ठेवून म्हणाला, "इथे सही करा ताई, काही नाही, नेहमीचंच आहे." माझं पेन खाली गेलं होतं. मग मी ते वर उचललं, त्याला खुर्ची दिली आणि म्हणाले, "बसा. आधी वाचून दाखवा."